हात सोडवण्याची विद्या



आत्मसंरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालमीची लाल माती आणि पिळदार दंड उभे राहतात. ज्यांच्यापाशी हे नाही, ते हा विषय आपला नव्हे म्हणून बाजूला होतात. वास्तविक गरज त्यांनाच अधिक! जिगोरो कानो हा जपानी मुलगा असाच किरकोळ अंगाचा. शाळेतली दांडगी पोरे त्याला छळीत, म्हणून तो जुजुत्सू शिकला. आणि १८८२ साली तोक्योतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, त्याने ज्यूदोची शाळा काढली.

त्याचे गणित ऐकण्यासारखे आहे. समोरच्याचे बळ दहा धरा, तुमचे सात. तो लोटतो आहे आणि तुम्ही अडून राहिलात, तर पडणार तुम्हीच. पण तो लोटताच तुम्ही मागे सरलात, तर तो झोकांडतो. त्या क्षणी त्याच्या दहांतले तीनच कामाला उरतात, तुमचे सात मात्र शाबूत!

आता मनगटाचे पाहा. कोणी ते धरले की आपण सरळ मागे ओढतो, म्हणजे त्याच्या चार बोटांशी झुंजतो. पकड कच्ची असते ती अंगठा बोटांना भेटतो तिथे. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवा, एक पाऊल त्याच्याकडेच टाका, कोपर पुढे न्या आणि झटका द्या. हात सुटला की ओरडा आणि पळा. पळण्यात कमीपणा मानणारे बहुधा घरी बसून बोलत असतात.

रवींद्रनाथांनी १९०५ साली सानो आणि १९२९ साली ताकागाकी हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आणले, ते उगीच नव्हे. ताकागाकींपाशी मुलीही शिकल्या.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मात्र बचावाला जरूर तेवढीच इजा करता येते. पळणाऱ्याला गाठून बडवणे त्यात बसत नाही. आणि सुरा दाखवून कोणी पाकीट मागितले तर, माझे ऐका, देऊन टाका.

आठवड्याच्या शिबिराने हे अंगी मुरत नाही. तिथे जोडीदार अदबीने हात धरतो आणि लगेच सोडतो! घरी भावाला सांगा, खरेच घट्ट धर म्हणून. आणि महिनाभर रोज दहा वेळा सोडवून पाहा.