पुढे काय झाले?

(मेहकर येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



या व्याख्यानाचे निमंत्रण देताना संयोजकांनी दूरध्वनीवर मला एवढेच सांगितले होते, "सकाळी वर्तमानपत्र उघडले की मन खिन्न होते. रात्री दूरदर्शन संच लावला की झोप उडते. घरातली मुले विचारतात, या देशाचे काही होणार आहे की नाही? तेव्हा आशेचे काही सांगा." मी तीस वर्षे पत्रकारितेत घालवली आहेत. ज्याने रोज जखम दाखवली, त्याच्याचकडे आज तुम्ही मलम मागत आहात. मलम माझ्यापाशी नाही. परंतु जखम दाखवताना माझ्याकडून काय राहून गेले, ते प्रामाणिकपणे सांगता येईल असे वाटल्याने मी आलो.

आज सकाळी श्रीशारंगधर बालाजीचे दर्शन घेतले. काळ्या पाषाणातील, दहा फुटांहून उंच अशी ती मूर्ती पाहताना प्रत्येकाचे भान हरपते. ही मूर्ती 1888 साली येथे जमीन खोदताना सापडली, हे आपण सारे जाणता. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. मूर्ती इंग्लंडला नेण्याचा सरकारचा बेत होता, मात्र तो तडीस जाण्यापूर्वीच गावकऱ्यांनी एकत्र येऊन तिची प्रतिष्ठापना केली, असे येथील वृद्ध मंडळी पिढ्यान्पिढ्या सांगत आली आहेत. पत्रकार म्हणून माझ्या मनात आले, त्या वेळी मी येथे वार्ताहर असतो तर काय लिहिले असते? 'मेहकर येथे प्राचीन मूर्ती सापडली.' दुसरे वृत्त, 'मूर्ती विलायतेस जाणार.' आणि माझी बातमी तेथेच संपली असती. वाचकाने सुस्कारा टाकून पान उलटले असते. गावाचा इतिहास मात्र त्यानंतर घडला. "पुढे काय झाले?" हा प्रश्न विचारला तरच तो हाती लागतो.

आजच्या भाषणात मला या एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

एक कबुली प्रथम देतो. 2006 साली विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला होता. त्या वर्षी 1 जुलैला तत्कालीन पंतप्रधानांनी बुलढाण्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याच दिवसांत मी आपल्याच भागातील एका खेड्यात गेलो होतो. घरातला कर्ता पुरुष गेला होता. ओसरीवर माणसे बसली होती, आत रडण्याचा आवाज होता. मी वय विचारले, एकर विचारले, कर्जाचा आकडा विचारला. अर्ध्या तासात गावाबाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी अकरा ओळी छापून आल्या. त्यांत चूक एकही नव्हती.

तेरा वर्षांनी, 2019 साली, दुसऱ्याच कामासाठी त्या गावावरून जाण्याचा योग आला. का कोण जाणे, मी त्या घरापाशी थांबलो. घर ओळखू आले नाही, पण त्या माउलीने मला ओळखले. चहा ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तवा त आले होते तुमी. मंग वापस कावून नाही आले?"

बंधूंनो, मला आजवर अनेक पुढाऱ्यांनी अडचणीत आणणारे प्रश्न विचारले आहेत. इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग तिने जे सांगितले ते मी ऐकत राहिलो. पहिल्या वर्षी जमीन विकण्याचा सल्ला सर्वांनी दिला, तिने विकली नाही. निम्मे रान धाकट्या दिराने केले, निम्मे तिने. कपाशी कमी करून सोयाबीनमध्ये तूर घेऊ लागली. दोन शेळ्यांच्या सात झाल्या. गावातल्या बचत गटातून तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने कर्ज घेतले आणि फेडले. जुने कर्ज सारे फिटले होते असे नाही. दोन वर्षे पावसाने दगा दिला होता, आणि भाव पडला म्हणजे ती आजही रात्र रात्र जागी असे. तथापि, जी मुलगी त्या दिवशी दाराआड उभी राहून रडत होती, ती परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून रुग्णालयात कामाला लागली होती. हे सारे त्या तेरा वर्षांत घडत होते. माझी बातमी मात्र पहिल्याच दिवशी संपली होती.

मित्रहो, मृत्यूची बातमी खोटी नव्हती. ती यायलाच हवी होती. त्या घरावर कोसळलेल्या दुःखाची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांना जाब विचारायलाच हवा. परंतु एका दिवसाचे सत्य हेच सगळ्या आयुष्याचे सत्य, असा समज आम्ही वाचकांच्या मनात रुजवला. नैराश्याचे मूळ येथे आहे. बातमी अपघाताच्या क्षणाला येते आणि सावरण्याच्या वर्षांकडे पाठ फिरवते, कारण अपघात एका क्षणात होतो आणि सावरणे हळूहळू घडते. हळूहळू घडणाऱ्या गोष्टीला मथळा नसतो.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. वर्तमानाला कंटाळलेला माणूस भूतकाळात आश्रय घेतो. "आमच्या वेळी असे नव्हते," हे वाक्य या सभागृहातही अनेकांच्या ओठांवर असेल. माझ्याही असते. पैनगंगेचे भरलेले पात्र आठवते, आजीच्या हातची ज्वारीची भाकरी आठवते, आणि वाटते, सुखाचे दिवस ते होते. मराठीने या भावनेला 'स्मरणरंजन' असा समर्पक शब्द दिला आहे. त्यात स्मरण थोडे आणि रंजनच अधिक.

खरे स्मरण अधिक कठोर असते. ते आपल्याला 1897 साली घेऊन जाते. पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते. त्यात 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगग्रस्त मुलाला उपचारासाठी स्वतः उचलून नेताना त्यांना संसर्ग झाला होता. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना कारावास झाला. दोन-तीन वर्षांतच 'छप्पनचा दुष्काळ' आला आणि त्याने आपल्या वऱ्हाडालाही होरपळून काढले. आपल्या पणजोबांच्या काळी वर्तमानपत्र उघडणाऱ्याला यांहून उजळ बातम्या मिळत होत्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

म्हणून पूर्वजांचे स्मरण करायचे ते त्यांचे दिवस सुखाचे होते म्हणून नव्हे. दिवस वाईट असताना ते कसे वागले, हे जाणून घेण्यासाठी करायचे. असे स्मरण रंजन करीत नाही, ते बळ देते.

याचे एक गोड उदाहरण तर याच गावात आहे. कविवर्य ना. घ. देशपांडे यांचा जन्म 1909 चा. त्यांनी मेहकरला वकिली केली, आयुष्य येथेच घालवले आणि 2000 साली येथेच देह ठेवला. 'खूणगाठी' या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु त्यांचे नाव घरोघरी गेले ते फार आधी, त्यांची 'शीळ' ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या स्वरात ध्वनिमुद्रिकेवर आली तेव्हा. मराठी भावगीताची सुरुवात ज्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांपासून मानतात, त्यांत तिचे स्थान अगदी वरचे आहे.

हे केव्हा घडले? 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते आणि कापसावर जगणारा वऱ्हाडचा शेतकरी नागवला गेला होता. 1930 च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला, त्याच महिन्यात डॉ. हेडगेवार यांनी यवतमाळ भागात सत्याग्रह करून कारावास पत्करला. घराघरांतील माणसे तुरुंगात, आणि शेतमालाला भाव नाही. त्या काळातील वर्तमानपत्रे काढून पाहा, मन खिन्न होईल. आणि अशा दिवसांत या लहानशा गावातील एक तरुण रानावनाची, प्रेमाची कविता लिहीत होता आणि महाराष्ट्र ती गुणगुणत होता. संकटाच्या काळी गाणे गाणे म्हणजे संकटाकडे डोळेझाक करणे नव्हे. आपले सारे अंतःकरण संकटाच्या स्वाधीन करण्यास दिलेला तो नकार असतो.

येथून मी स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर येतो.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. माझे थोरले काका स्थानबद्ध होते. मला आठवते ते एवढेच, की काकू रोज रेडिओसमोर बसत आणि बातम्या संपल्या की काही न बोलता तो बंद करीत. मोठा झाल्यावर मी त्यांना विचारले, "तुम्ही काय ऐकत होता?" त्या म्हणाल्या, "सगळे चांगले चालले आहे, एवढेच. गाड्या वेळेवर धावत आहेत, उत्पादन वाढते आहे, देश पुढे जातो आहे. सगळ्या बातम्या चांगल्या होत्या रे. फक्त घरातले माणूस कोठे आहे, ते त्यांत नव्हते."

25 जून 1975 च्या रात्रीपासून 21 मार्च 1977 पर्यंत हा देश चांगल्या बातम्यांच्या सावलीत जगला. वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा होता. काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, कारण खरे छापता येत नव्हते आणि खोटे छापायचे नव्हते. 1975 च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी निर्भयपणे आपला निषेध व्यक्त केला, आणि पुढे त्यांनाही तुरुंगवास घडला. तेव्हा वाईट बातम्यांनी आपले मन अस्वस्थ होते ही तक्रार करताना एवढे ध्यानात असू द्या, की अस्वस्थ करणारी बातमी छापता येणे हेच स्वतंत्र समाजाचे लक्षण आहे. सर्व बातम्या मंगल असल्या म्हणजे काळजी करावी. मग सत्ता कोणाचीही असो.

पण स्वातंत्र्याची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू वाचकाची आहे. बातमी छापण्याचे स्वातंत्र्य आम्हाला आहे, तसे तिला कसा प्रतिसाद द्यायचा याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहे. हे स्वातंत्र्य कोणतेही सरकार हिरावून घेत नाही, ते आपण स्वतःच भ्रमणध्वनीच्या चरणी वाहून टाकतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे आपल्या सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून 25 माणसे गेली. ती दृश्ये किती जणांनी किती वेळा पाहिली? 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. घाबरलेल्या त्या माणसांवर विनोद रचून ते पुढे पाठवणारे किती, आणि तपासात पुढे काय निघाले हे विचारणारे किती? तीच ती दृश्ये दहादा पाहिल्याने आपली सहानुभूती वाढत नाही, ती बोथट होते. दुःखाचा प्रेक्षक होणे ही देखील एक गुलामगिरीच आहे.

सुदैवाने दुसरा अनुभवही जवळच आहे. 2020 च्या जूनमध्ये, सारा देश महामारीच्या बातम्यांनी गुदमरला असताना, लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. अफवा उठल्या, शकुन-अपशकुन सांगितले गेले. परंतु येथील लोकांनी विचारले, असे का झाले? नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटून क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढल्याने हा रंग आला, असे उत्तर मिळाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भीतीचे रूपांतर कुतूहलात आणि कुतूहलाचे ज्ञानात झाले, ते एका साध्या प्रश्नामुळे.

समारोप करताना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, तरी दोन विनंत्या करतो. पहिली विनंती कुटुंबांना. सायंकाळी मुलांशी बोलताना एखादी वाईट बातमी लपवू नका, पण ती अर्धी सोडू नका. महिन्यापूर्वीची एक बातमी निवडा आणि पुढे काय झाले, ते सर्वांनी मिळून शोधा. कोठे न्याय मिळालेला आढळेल, कोठे नाही. न्याय मिळाला नसेल तर एक पत्र लिहा. त्या पत्राने मुलाला नागरिकशास्त्राचे अख्खे पुस्तक कळेल.

दुसरी विनंती येथे बसलेल्या तरुण कार्यकर्त्यांना. बातमी संपते तेथे तुमचे काम सुरू होते. वार्ताहर, छायाचित्रकार, पुढारी, सारे ज्या दिवशी ओसरीवरून उठून जातील, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या घरी जा. तेराव्या दिवशी जा, पेरणीच्या दिवशी जा, मुलीच्या परीक्षेच्या दिवशी जा. भाषण करू नका, फक्त जा. आशा ही कोणी व्यासपीठावरून वाटण्याची वस्तू नाही. पुन्हा येणाऱ्या माणसाच्या पावलांनी ती घरात येते.

उद्या सकाळी परत निघताना मी त्याच गावावरून जाणार आहे. त्या माउलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही. पण या वेळी गाडी न थांबवता पुढे जाण्याचे धैर्यही माझ्यापाशी नाही.