लाल, पांढरे आणि कणगी
(पोशीर, ता. कर्जत येथील बैठकीत केलेले भाषण)



पोशीरला भाताची खाचरे आहेत. तुमच्यापैकी बरेच जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून आलेत. पीक वेगळे, दुखणे एकच.

कॉलेजात असताना रशियन क्रांतीची पुस्तके मी रात्र रात्र वाचली. लाल कोण, पांढरे कोण, तोंडपाठ होते. पण त्या लढाईत तिथल्या शेतकऱ्याने पेरले किती, हा प्रश्न शेतकीची पदवी घेऊनही मला सुचला नाही. आज त्याची लाज वाटते.

नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि लगेच जमीनदारी रद्द केली. शेतकरी खूश झाला. मग यादवी पेटली. एकीकडे ट्रॉट्स्कीची लाल फौज, दुसरीकडे सैबेरियात कोल्चाक आणि दक्षिणेत डेनिकिन यांच्या पांढऱ्या फौजा. पांढऱ्यांच्या पाठोपाठ जुना जमीनदार परत येई, म्हणून शेतकऱ्याला लाल त्यातल्या त्यात बरे वाटले.

पण शहरे उपाशी होती. १९१८ मध्ये लालांची हत्यारबंद पथके धान्यासाठी खेड्यांत घुसली. गरिबांच्या समित्या काढून गावातच भांडण लावले. १९१९ पासून गावागावांवर कोटा बसला. तो शेतात काय पिकले यावर नव्हे, सरकारला किती हवे यावर ठरला. मोबदल्याच्या नोटांना किंमत उरली नव्हती. कित्येक ठिकाणी बियाणेही उचलले. पांढरे आले की तेही धान्य, घोडे आणि तरणी पोरे घेऊन जात.

शेतकऱ्याने काय केले? पेरा कमी केला. जंगलात पळालेल्या पोरांच्या टोळ्यांना ‘हिरवे’ नाव पडले. ऑगस्ट १९२० मध्ये ताम्बोव प्रांत उठला. तो मोडताना विषारी वायू वापरण्याचा हुकूम निघाला. अखेर मार्च १९२१ मध्ये लेनिनने सक्तीची वसुली थांबवली, धान्यरूपी कर लावला आणि उरलेला माल विकायची मोकळीक दिली. तोवर उशीर झाला होता. व्होल्गाकाठी पाऊस पडला नाही. १९२१-२२ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे मेली.

पाऊस आपल्याकडेही दडी मारतो. कणगी भरलेली असली तर माणूस एक साल काढतो. कणगीच झाडून नेली तर?

आपल्याकडे बंदूक नव्हती, पण ज्वारीची लेव्ही होती. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी तुमच्या भल्यासाठीच आणली होती, आणि तुमचाच कापूस राज्याबाहेर विकायला तुम्हाला बंदी होती.

याच कर्जत भागात भाई कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून. धान्य तिथेही गोळा होई, पण ते गावाचे राही. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले.

भावांनो, उद्या कुठलाही झेंडा दारी येवो, त्याचा रंग मागाहून पाहा. आधी विचारा : माझ्या मालाचा भाव कोण ठरवणार? आणि ‘देत नाही’ म्हणायची मला मुभा आहे का?