आधी सांगणारी लेकरं, मग संग्रहालय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘शाळेसाठी आपण काय करू शकतो’ या विषयावर दहा मिनिटं बोल, असं मला सांगितलं आहे. संगणक, पाण्याचा फिल्टर, नवीन बाकं ही यादी आधीच्या वक्त्यांनी दिली आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. मी आणखी एक गोष्ट मागायला उभी आहे. आपल्या अंबाजोगाईचा वारसा लेकरांना हिंडून दाखवायचा आणि पुढे तो इतरांना सांगायला त्यांनाच तयार करायचं.

पुण्यात मी मुलीला घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाते. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी, असल्या रोजच्या वस्तू एका माणसाने आयुष्यभर जमवल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ पासून फिरतं संग्रहालय सुरू केलं. बसच शाळेच्या दारात येते. या दोन्हींकडे पाहून मला कळलं ते असं, की नुसती वस्तू काचेत ठेवून लेकरू थांबत नाही. शेजारी सांगणारं माणूस असलं, की ते थांबतं आणि प्रश्न विचारतं.

आता आपल्याकडे बघू. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं. तिथलं संग्रहालय गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं. तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं त्यात लिहिलंय. तेरला स्त्रीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली, आणि ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. मराठवाड्याचा माल समुद्रापार जात होता, हे लेकरांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा त्या मूर्तीसमोर उभं करून सांगितलेलं बरं.

आणि अंबाजोगाईत तर संग्रहालयाची इमारत नसली, तरी दालनं तयार आहेत. जयंतीच्या काठची हत्तीखान्याची लेणी आहेत. यादवकाळातलं बाराखांबी आहे. खोलेश्वराच्या देवळातला शिलालेख आहे. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम लढाईत पडला. खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं, ही नोंद शके ११६२ ची, म्हणजे इ. स. १२४० ची. ग. ह. खरे यांनी हे अंब्याचे लेख वाचून छापले, म्हणून आज आपल्याला ते कळतात.

दासोपंतांची पासोडी तर साऱ्या महाराष्ट्रात एकच. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं, सोळाशेच्या आसपास ओव्या. मी रोज माहिती साठवण्याचंच काम करते. आमच्या सर्व्हरवरची माहिती दहा वर्षं टिकवायची तर किती खटाटोप करावा लागतो, ते मला विचारा. हे कापड चारशे वर्षं टिकलं, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ते जपलं.

आमच्या कामात एका गोष्टीची फार भीती असते. एखादी महत्त्वाची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असली, आणि तो माणूस सोडून गेला, की सगळं अडतं. आपल्या गावाचं आज तेच झालं आहे. शिलालेख कुठल्या खांबाजवळ आहे, मोमिनाबाद हे नाव कधी होतं, छावणी कुठवर होती, हे सांगणारी मोजकी माणसं उरली आहेत. त्यातली काही आज समोरच्या रांगेत बसली आहेत.

मागच्या वर्षी शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी आणि मी आठवीच्या बावीस लेकरांना घेऊन एक फेरी करून पाहिली. तारीख सरांनी सप्टेंबरची धरली. मी दिवाळीच्या सुट्टीचं म्हणत होते, तेव्हा सर म्हणाले, “बाई, दिवाळीला यातली सहा-सात लेकरं उसाच्या फडात असतील. त्यांना वगळून फेरी करायची का?” मला वाटतं, या उपक्रमाचं पहिलं कलम तिथेच लिहिलं गेलं.

फेरी साधी होती. शाळेच्या व्हरांड्यात आधी खडूने ४० फूट आखले आणि लेकरांना त्यावर ओळीने उभं केलं. पासोडीला हात लावायची गरज पडली नाही, लांबी मात्र सगळ्यांना कळली. हत्तीखान्यात प्रत्येकाने खांब मोजून आपापला नकाशा काढला. चार नकाशांत चार आकडे आले, मग पुन्हा मोजणी झाली. मुकुंदराजांच्या समाधीपाशी सरांनी दोन्ही बाजू सांगितल्या: परंपरा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा मानते, आणि विदर्भातलं अंभोराही मुकुंदराजांना आपलं म्हणतं. आपल्या गावाचा अभिमान ठेवून दुसऱ्याचा दावाही ऐकून घ्यायचा, हे त्या दिवशी शिकवून झालं.

खोलेश्वराच्या देवळात एका मुलीने विचारलं, “बहिणीचं नाव दगडावर कसं काय?” तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. पुढच्या रविवारी ती आईला घेऊन तिथे गेली आणि लक्ष्मीची सगळी गोष्ट सांगितली. आई त्या देवळात कितीदा येऊन गेली होती, दर्शन घेऊन. ऑक्टोबरात टोळी निघाली तेव्हा ती मुलगीही गेली. मार्चअखेर परत आली. सर सांगतात, यंदाच्या फेरीत देवळापाशी बोलायचं काम तिने मागून घेतलं आहे.

बीडचं नाव निघालं, की बाहेर दुष्काळ, ऊसतोड आणि भांडणं एवढंच आठवतं. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यातलं खोटं कमी आहे, पण अर्धं आहे. निजामशाहीच्या काळात बीडला खजाना विहीर बांधली गेली. तिचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शेतांकडे जातं. दुष्काळी भागात पाण्याचा असा विचार करणारी माणसं इथेच होती, हे लेकरांना ठाऊक हवं.

म्हणून माझं मागणं असं. एक, आपल्या बॅचने दरवर्षी तेरच्या सहलीच्या बसचा खर्च उचलावा. पहिल्या वर्षीचा मी देते. दोन, गावात राहणाऱ्या मित्रांनी प्रत्येक फेरीला दोघे-दोघे सोबत यावं. तीन, गुरुजनांनी आम्हाला एकेक तास द्यावा. तुम्ही बोला, आम्ही ध्वनिमुद्रण करून लिहून काढू. आणि शिलालेखाला तेल, खडू लावायचा नाही, ही शिस्त लेकरांनीच मोठ्यांना लावावी. फेरी दरवर्षी सप्टेंबरातच होईल, टोळ्या निघायच्या आधी.

नावं लिहायची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या रांगेत लागण्याआधी तिथे थांबा, एवढी विनंती करते आणि थांबते.