बिडदीची फॉर्च्युनर: डिझेल की पेट्रोल?

बंगळुरूहून म्हैसूरकडे निघालं की वाटेत बिडदी लागते. तिथल्या टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात बनणारी फॉर्च्युनर दोन्ही इंधनांत मिळते, म्हणून तुलना सोपी जाते. 2.7 लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, 245 न्यूटन-मीटर. 2.8 लिटरच्या डिझेल ऑटोमॅटिकचा तब्बल 500! शिवाय तो इंजिन संथ फिरत असतानाच हाती येतो.

मागे ट्रेलर जोडून निपाणीजवळचा तवंदी घाट चढायचा असेल, तर डिझेलच हवं. त्याआधी गाडीच्या पुस्तिकेतली वजन ओढण्याची मर्यादा मात्र नक्की पाहावी.

रोज बंगळुरूतल्या सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीतून ऑफिस गाठणाऱ्याचं गणित वेगळं. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले, आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आवश्यक ठरली. साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. मोकळ्या महामार्गावर ते सहज साधतं. रांगत्या वाहतुकीत गाळणी तुंबत जाते, आणि दुरुस्ती महाग पडते. नुसत्या शहरी फेऱ्यांसाठी पेट्रोलच घ्यावं. वरचेवर बेळगाव-कोल्हापूर गाठणाऱ्या कुटुंबाला डिझेल परवडतं, कारण त्या लांब पल्ल्यात गाळणी आपोआप साफ होते.