कडेवर कोरलेलं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मुलुंडची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत आजोबांची कागदपत्रं, आणि पंचाच्या तुकड्यात बांधलेलं एक काळवंडलेलं चांदीचं पदक. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि '१९१४', '१९१८' ही सालं. चिंचेनं घासल्यावर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली. नंबर, सिपाही, माझ्या पणजोबांचं नाव आणि '११७ मराठाज'.

पणजोबा 'लढाईला जाऊन आले' एवढंच आम्हाला ठाऊक. जास्त विचारलं की आजोबा विषय बदलत. आजोबा १९४२च्या चळवळीतले, सातारच्या पत्री सरकारासाठी तुरुंगात गेलेले. १९७२ साली त्यांना मिळालेलं ताम्रपत्र कायम बैठकीच्या भिंतीवर. वडिलांचं पदक मात्र ट्रंकेच्या तळाशी. का, ते आता कळतं.

शोधायचं कसं? पंजाबातल्या ३ लाखांवर सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकून होत्या. २०२१पासून त्या संगणकावर पाहता येऊ लागल्या. तसलं घबाड आपल्याकडे नाही. गावी गेलो. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. महायुद्धाला या गावातून किती गेले, किती मेले, एवढंच. आकडे आहेत, नाव एकही नाही. लहानपणी त्या पाटीखाली मी गोट्या खेळलोय!

मग पलटणीच्याच मागे लागलो. माणसाचा माग नसेल तर तो ज्या पलटणीत होता तिचा काढावा. ही पलटण ऑक्टोबर १९१४मध्ये मुंबई बंदरातून बोटीत चढली. इराकच्या दक्षिण टोकाला उतरली, बसरा घेतलं, शैबाला लढली आणि बगदादच्या वाटेवर टेसिफोनपर्यंत पोचली. तिथून माघार घेत कुत-अल-अमाऱ्यात आली आणि ७ डिसेंबर १९१५पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने. अन्न संपत आल्यावर घोडे कापू लागले. जात बाटेल म्हणून हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी आठवडे नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, तरी पुष्कळांचं मन होईना. भाजीपाला नव्हताच. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. स्कर्व्ही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. हिंदी शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत किती गेले त्याला गणती नाही.

पण पणजोबा त्या वेढ्यात होते कशावरून? पलटण होती म्हणून प्रत्येक शिपाई होताच असं नाही. काही जखमी होऊन आधीच परतले होते. इथं मी अडलो होतो.

घाटकोपरला माझी आत्या राहते. वय ७७. तिला सहज विचारलं, पणजोबा आठवतात का? ती म्हणाली, "आठवतात तर! दुधात कुस्करल्याशिवाय भाकरी खायचे नाहीत. ऐन तिशीतच दात गेले होते म्हणे. मिश्रीनं गेले असं आई सांगायची. पण मिश्री लावताना मी काही त्यांना कधी पाहिलं नाही."

मी तिला स्कर्व्ही म्हणजे काय ते सांगितलं. हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे, माझा तर्क आहे. आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दादांना हे ठाऊक असेल का रे?" दादा म्हणजे माझे आजोबा.

असेलही. बापाचं बोळकं ते रोज बघतच होते. मला पूर्वी पणजोबांचा थोडा रागच यायचा. साहेबासाठी परक्या मुलुखात लोकांना मारायला गेले म्हणून. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. पण शेतावर भागत नसलेला विशीतला पोरगा डोळ्यांपुढे येतो, आणि राग पूर्वीसारखा ठरत नाही.

नव्या घरात ताम्रपत्र लावलं. पदकही शेजारी लावावं असं मनात होतं. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "लाव. पण त्याच भिंतीवर नको हं. दादांना चाललं नसतं." सध्या पदक टेबलाच्या खणात आहे, त्याच पंचाच्या तुकड्यात.