कोरड्या विंधणविहिरीची गोष्ट
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेस मदत करणारा माणूस बहुधा गावापासून दूर असतो. पूर्वी त्यास पावती आणि आभाराचे पत्र जात असे. आज शिक्षकाच्या हाती मोबाइल आहे; दोन-तीन मिनिटांची चित्रफीत त्याच दिवशी मुंबईस, किंबहुना परदेशीही पोहोचते. साधन सोपे झाले. काय सांगावे, हा प्रश्न मात्र सोपा झालेला नाही.

स्कॉट हॅरिसन यांनी २००६ साली न्यूयॉर्क येथे 'चॅरिटी : वॉटर' ही संस्था स्थापन केली. गरीब देशांतील खेड्यांस पिण्याचे स्वच्छ पाणी मिळवून देणे हे तिचे कार्य. पुरे झालेल्या कामाची छायाचित्रे व नकाशावरील नेमकी जागा देणगीदारांस दाखविण्याचा प्रघात तिने पाडला. २०१० च्या सप्टेंबरात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील मोआले या गावची विंधणविहीर दूरदूरच्या देणगीदारांस दाखवावयाची होती. यंत्र आले, गावकरी जमले; पाणी लागले नाही. दुसऱ्या एखाद्या गावच्या वाहत्या पाण्याचे चित्र पुढे करणे सहज शक्य होते. परंतु संस्थेने अपयशाचीच चित्रफीत देणगीदारांपुढे ठेवली. ते दुरावले नाहीत. ह्या खरेपणाबद्दल अनेकांनी संस्थेस धन्यवादच दिले.

आपल्याकडे मोह वेगळा असतो. फाटक्या सदऱ्यातील मूल पुढे उभे करावयाचे व त्याच्याच तोंडून घरचे दारिद्र्य वदवावयाचे. पैसे कदाचित मिळतीलही; पण तीच चित्रफीत शेजारच्या घरातील मोबाइलवर येते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलास त्याच वर्गात बसावयाचे असते. एकदा हातोहात गेलेली चित्रफीत परत घेता येत नाही.

म्हणून आधी पालकांस विचारावे. मुलाची इच्छा नसेल, तर पालकांची संमतीही पुरेशी मानू नये. मुलाने आवडलेल्या पुस्तकाविषयी स्वतःच्या बोलीत बोलावे. शिक्षकाने वाक्ये पढवू नयेत. (पत्र्यावर पाऊस वाजत असता चित्रण करण्यात अर्थ नाही, काहीच ऐकू येत नाही.) देणगीच्या पुस्तकांपैकी किती मुलांच्या हाती गेली आणि कपाटाअभावी किती पेटीतच राहिली, हेही त्याच चित्रफितीत सांगावे. आकडा आठवणीने सांगू नये. देवघेवीच्या नोंदवहीतून घ्यावा आणि ते पानही दाखवावे, मात्र मुलांची नावे झाकून.