दम्याचा रुग्ण आणि घरातील माणसे

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



नांगराचा बैल धापा टाकू लागला, तर आपण त्याचे जू लगेच सोडतो. पण घरातील सून खळ्यावर धापा टाकू लागली, तर ‘कामाचा कंटाळा आला असेल’ असे म्हणून मोकळे होतो. म्हणून आज मी दम्याविषयी, आणि त्यातही घरातील माणसांच्या वागण्याविषयी बोलणार आहे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा सर्दीचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास सोडणे जड जाते. छातीत सूं सूं आवाज येतो. रात्री, पहाटे खोकल्याची उबळ येते. दमा संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

घरात वाद झाला आणि त्यानंतर धाप लागली, की ‘हे नाटक आहे’ असे म्हटले जाते. भांडणाने दमा मुळात जडत नाही, हे खरे. परंतु राग, रडणे, धास्ती यांनी श्वास जलद होतो व असलेला दमा उसळू शकतो. ती धाप खरीच असते. वारंवार बोलणी खाल्लेला माणूस मग आजार लपवू लागतो. चारचौघांत पंप घेत नाही, रात्री त्रास झाला तरी कोणाला उठवत नाही. खरा धोका येथेच आहे.

पंपाविषयीही गैरसमज आहेत. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने ते गोळीपेक्षा फारच कमी मात्रेत पुरते. सूज कमी करणारे औषध बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितले तसे घ्यावे आणि नंतर चूळ भरावी. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर भागवले, तर आतील सूज तशीच राहते. गरोदरपणातही औषध आपल्या मनाने बंद करू नये. आईला श्वास कमी पडला, तर पोटातील बाळालाही प्राणवायू कमी पडतो.

आता घराने काय करावे?

१) मळणी, उफणणी, कडबा कुट्टी, फवारणी आणि बुरशी धरलेले धान्य हलवणे ही कामे इतरांनी वाटून घ्यावीत. परंतु रुग्णाला नुसते बसवूनही ठेवू नये. दमा आटोक्यात असेल तर पाणी देणे, भाजी तोडणे, बाजार, हिशोब ही कामे तो उत्तम करतो.

२) बांधावरील गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. हे काम रुग्णाकडे देऊ नये.

३) शक्यतो गॅसवर स्वयंपाक करावा. चूलच असेल, तर धुराडे करावे. सिलिंडरचा खर्च हा औषधाच्या खर्चाइतकाच गरजेचा समजावा.

४) विडी ओसरीवर ओढली तरी धूर घरात येतोच. वडीलधाऱ्यांना हे सांगण्यास घरातील लहान माणसे कचरतात, म्हणून वडीलधाऱ्यांनी स्वतःच विचार करावा.

५) जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. झाडावीच लागली, तर आधी पाणी शिंपडावे आणि त्या वेळी रुग्णाला बाहेर बसवावे.

धाप लागली तर रुग्णाला आडवे करू नका. सरळ बसवा, कपडे सैल करा, भोवती गर्दी करू नका. कसलीही धुरी देऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम देणारा पंप द्या, स्पेसर असल्यास त्यातून द्या. पंपाने आराम पडत नसेल, एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर ‘तुझा पंप कोठे असतो?’ एवढे रुग्णाला विचारा आणि ती जागा घरातील प्रत्येकाला दाखवा. या एका प्रश्नाने त्याला कळेल, की रात्री-अपरात्री आपण हाक मारली तर उठणारे कोणीतरी आहे.